सुटी नाणी

वर्नेल मावशी बँकेतून पाव डॉलरच्या नाण्यांच्या
दोन गुंडाळ्या आणायची.
शुक्रवारी रात्री त्या टेबलाच्या कडेवर आपटून फोडायच्या.
मोजायचं काम एमरीचं. सहा वर्षांचा होता.
शाळेत अपूर्णांक यायच्या कितीतरी आधी
त्याची पावकी पाठ होती :
चार पाव एक,
तेरा पाव सव्वातीन,
सव्वातीन म्हणजे आईचे चिकन विंग्ज.

नाणी पारदर्शक पिशवीतच न्यायची, असा नियम.
टोलेडोहून दोन तास वीस मिनिटं,
दोन्हीकडे मका, कापून झालेला,
मग पाण्याची टाकी, मग तारा.

पहिल्या खेपेला माझा फ्रॉक राखाडी निघाला.
आतल्या बायका राखाडीत असतात.
काचेमागच्या बाईंनी मान हलवली, हा रंग चालणार नाही.
मावशी गाडी काढून कुठूनसा जांभळा शर्ट घेऊन आली,
मोठ्या माणसाच्या मापाचा.
किमतीची चिठ्ठी काखेत टोचत राहिली
आणि भेटीतली पन्नास मिनिटं
शर्टातच गेली.

मशीनसमोर जमिनीवर पिवळी रेघ.
कैद्यांनी ती ओलांडायची नाही, नाण्याला हात लावायचा नाही.
आई रेघेला बुटांची टोकं लावून उभी राहायची :
"खालून दुसरी रांग, राजा. नाही, ते लाल पाकीट."
एमरी टाचा उचलून एकेक नाणं आत सोडायचा.

एकदा पाकीट मध्येच अडकलं, अर्धं लोंबत.
त्यानं काचेवर थापा मारल्या.
गार्ड नुसतं म्हणाला, "हात."
एमरीनं दोन्ही हात डोक्यावर नेले,
बोटांत बोटं गुंफली.
हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.
त्या पहाटे, दार तुटलं तेव्हा,
तो जिन्यात उभा होता, पायजम्यात.

वर्गात मी सांगून ठेवलं होतं
की आई मालवाहू बोटीवर स्वयंपाक करते,
एरी सरोवरातून थेट सुपीरिअरपर्यंत.
जानेवारीत पाणी गोठलं.
जोलीननं विचारलं,
"आता बोटी बंद. मग आई घरी असेल ना?"

शाळा तीनला सुटायची.
गणितं सुटायची, बुटाची नाडी सुटायची,
गावातला कुत्रासुद्धा साखळीतून सुटायचा कधी कधी.
न्यायाधीश म्हणाले होते, सात वर्षं.
मागच्या बाकावर बसून मी बोटांवर मोजलं,
आठ आणि सात.
मग एमरीसाठी पुन्हा पहिल्यापासून.
हे गणित कुणी तपासायला मागितलं नाही.

गेल्या मार्चमध्ये आई सुटली.
माझं उत्तर एका वर्षानं चुकलं.
मावशीनं मक्याचा पाव केला, वाल केले,
शेजारचे येऊन गेले, कुणी फार वेळ बसलं नाही.
रात्री आई पाणी प्यायला उठली असावी.
मी आणि एमरी टीव्हीसमोर होतो, आवाज बारीक करून.
गालिचा संपून फरशी लागते
तिथे ती थांबली.
फ्रिज चार पावलांवर.
बुटांची नव्हे, आता अनवाणी बोटांची टोकं
कडेला नीट जुळवून.

मी म्हणणार होते, आई, जा ना, घर आहे आपलं.
जिभेवर आलं होतं.

एमरी उठला. बारा वर्षांचा, मावशीहून उंच.
फ्रिजचं दार उघडून
तो उजेडात वाकला
आणि मागे न बघता म्हणाला,
"कुठली रांग?"

"खालून दुसरी," आई म्हणाली.